रावपुऱ्यातलं घड्याळाचं दुकान आणि चार काड्यांचा चार

सुरुवातीलाच सांगते. घरात चावीचं जुनं भिंतघड्याळ असेल, ते बंद पडलं असेल आणि कुणी "मशीन काढा, सेलचं बसवा, कटकट मिटेल" असा सल्ला दिला असेल, तर थांबा. आधी बडोद्याच्या रावपुऱ्यात जाऊन या. टॉवरकडून कोठीकडे चालायला लागलं की डाव्या हाताच्या एका गल्लीत, लाकडी जिन्याखाली, दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्याला रस्त्यावर उभं राहावं लागेल एवढंसं दुकान आहे. गल्लीत शिरल्यावर कान द्या. पंधरा-वीस लंबकांचा आवाज एकदम येतो, पत्ता विचारावा लागत नाही. दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण मालकांनी हात जोडून तसं सांगितलंय. ते एकटे काम करतात, वय सत्तरीपुढचं, आणि कपाटात आधीच चौदा घड्याळं रांगेत आहेत. सगळे त्यांना भाई म्हणतात, मीही भाईच म्हणते.

माझं घड्याळ म्हणजे खरं तर अण्णांचं, माझ्या सासऱ्यांचं. ते गायकवाडी रेल्वेत होते. १९४६ साली पहिली बढती मिळाली तेव्हा त्यांनी ते घेतलं. जर्मन बनावट, लाकडी पेटी, पुढे काचेचं दार. एकदा चावी दिली की आठ दिवस चालायचं, तासाला तेवढे टोले आणि अर्ध्याला एक. दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून आम्ही मांजलपूरला फ्लॅटमध्ये आलो तेव्हा सगळं सामान टेम्पोत गेलं, घड्याळ मात्र अण्णांनी मांडीवर घेऊन रिक्षातून आणलं. ते गेल्यावर रविवारी चावी द्यायचं काम माझ्याकडे आलं. दोन वर्षांपूर्वी ते अडखळायला लागलं, पाच वाजता आठ टोले देऊ लागलं, आणि एका पावसाळ्यात थांबलंच.

पहिल्यांदा ते मी शहराच्या दुसऱ्या भागातल्या एका दुकानात नेलं. महिनाभर तिथे राहिलं, नऊशे रुपये गेले, आणि घरी आल्यावर आठ दिवसांत पुन्हा बंद. शिवाय मूळ तबकडीचे पोपडे निघत होते म्हणून त्यांनी न विचारता वरून एक गुळगुळीत छापील कागद चिकटवून दिला होता. एक कबूल करते, तबकडीचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही. अण्णांच्या घड्याळावर चारचा आकडा चार उभ्या काड्या काढून लिहिलेला होता आणि तो मला कायम खुपायचा. नव्या कागदावर तो पुस्तकातल्यासारखा होता, एक काडी आणि पुढे इंग्रजी व्ही.

कारण मी शिक्षिका. मराठी माध्यमाच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला आणि खालच्या वर्गांना गणित. रोमन अंकांच्या धड्याला मी फळ्यावर चौकट आखून नियम लिहायची: एकच चिन्ह लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा येत नाही. चार काड्या काढणाऱ्या मुलांचे गुण मी दरवर्षी कापले. काही मुलं म्हणायची, "बाई, आमच्या घरच्या घड्याळावर असंच आहे." मी म्हणायची, घड्याळवाल्याचं चुकलं.

भाईंनी पहिल्या भेटीत घड्याळ उघडायच्या आधी तबकडीकडे पाहिलं. ओला कापूस घेतला, छापील कागदाचा एक कोपरा भिजवला, दोन मिनिटं थांबले आणि नखाने हळूच उचलला. खालून जस्ताचा पत्रा, त्यावर पिवळट पडलेला पांढरा रंग आणि काळ्या काड्यांचे अवशेष. "बेन, नीचे असल छे," ते म्हणाले. मग चारच्या जागेवर दिवा तिरपा धरला. रंग उडाला होता, पण पत्र्यावर चार रेघांच्या खुणा दिसत होत्या. मी म्हटलं, भाई, आकडे नव्याने रंगवाल तेव्हा हा तेवढा बरोबर करून घ्या. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे टांगलेल्या रोमन आकड्यांच्या अकरा तबकड्या मी एकेक करून पाहिल्या. नवांवर चार काड्या होत्या.

"एवढे सगळे चुकले असतील, बेन?"

त्या रात्री मी जे वाचायला घेतलं ते पुढे सात आठवडे चाललं. सात आठवडे का, ते खाली येईलच.

रोमन लोक स्वतः दोन्ही तऱ्हांनी लिहायचे, आणि चार काड्यांची तऱ्हा त्यांच्यात सर्रास होती. सगळ्यात ठळक पुरावा खुद्द कोलोसियमवर कोरलेला आहे. इ.स. ८० मध्ये खुल्या झालेल्या त्या इमारतीच्या कमानींवर प्रवेशद्वारांचे क्रमांक आहेत, प्रेक्षकाने आपला क्रमांक बघून आत शिरायचं. त्यातल्या ४४ क्रमांकाच्या दारावर चाळीसनंतर चार काड्या आहेत, व्ही नाही. मी फळ्यावर आखलेली चौकट पुष्कळ नंतर पक्की झाली. ज्यांचे अंक म्हणून मी शिकवत होते, त्यांच्याच हाताने कोरलेल्या उत्तराला मी शून्य दिलं असतं. त्या मुलांपैकी कुणी हे वाचत असेल तर, बाळांनो, तुमचं उत्तर घड्याळापुरतं आणि कोलोसियमपुरतं बरोबर होतं. हे मला तेव्हा सांगता यायला हवं होतं.

घड्याळवाल्यांनी चार काड्या का धरून ठेवल्या याची कारणं भाईंनी मला फूटपट्टी घेऊन दाखवली. चारच्या समोर आठ येतो. आठ म्हणजे व्ही आणि तीन काड्या, तबकडीवरचा सगळ्यात भरगच्च आकडा. त्याच्यासमोर नुसती काडी आणि व्ही ठेवली तर तबकडी एका बाजूला कलल्यासारखी दिसते. चार काड्या ठेवल्या की तोल सावरतो. दुसरं, पहिले चार आकडे नुसत्या काड्यांचे होतात, पुढच्या चारांत व्ही येतो आणि शेवटच्या चारांत फुली. मी घरी येऊन मोजलं: वीस काड्या, चार व्ही, चार फुल्या. व्हीचा चार घेतला तर ही वाटणी मोडते. लंडनच्या बिग बेनच्या तबकडीवर मात्र पुस्तकी नियमाप्रमाणे काडी-व्हीच आहे, पण ती अपवादात मोडते.

या वाचनात मला एक रत्न सापडलं, ते भाईंनाही माहीत नव्हतं, आणि ते त्यांना सांगताना मला फार आनंद झाला. सतराव्या शतकात लंडनला जोसेफ निब नावाचा घड्याळजी होता. त्याने दोन घंटांची घड्याळं केली. एका घंटेचा टोला म्हणजे काडी, दुसरीचा म्हणजे व्ही, आणि दुसरीचे दोन म्हणजे फुली. रात्री अंथरुणात पडून ऐकायचं आणि कानाने रोमन आकडा वाचायचा. फायदा काय? आपल्या साध्या घड्याळाला एक ते बारा वाजवायला ७८ टोले द्यावे लागतात. निबच्या घड्याळाला ३० पुरतात. कमान, म्हणजे आतली गुंडाळलेली स्प्रिंग, कमी उलगडते, चावी जास्त दिवस टिकते. या घड्याळांवर मात्र चार हा काडी-व्ही असाच लिहितात, कारण कानाला तसा ऐकू येतो. भाईंनी हे ऐकलं, हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि बोटांवर तिसाचा हिशेब पुन्हा करून पाहिला. बरोबर निघाल्यावर म्हणाले, "कारीगर होता."

आता कामाबद्दल. घड्याळ का थांबलं, हे भाईंनी आधी सांगितलं आणि मगच पैशाचं बोलले, हे मला फार आवडलं. लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीला टांगलेला असतो ती मुरडली होती. लंबक न काढता घड्याळ इकडून तिकडे नेलं की असं होतं. पितळी पत्र्यातली भोकं घासून लांबट झाली होती, म्हणून चक्रांचे दाते नीट बसत नव्हते. त्यांनी सात ठिकाणी नवे बूश, म्हणजे भोकात बसवायच्या बारीक नळ्या, घातले. टोल्यांच्या बाजूची कमान थकली होती, ती बदलली. चालीची कमान मूळचीच ठेवली, कारण "अजून तिच्यात जीव आहे". सगळी चक्रं सुटी करून धुतली, तेल फक्त लागेल तिथे, टाचणीच्या टोकाएवढं. आधीच्या दुकानात यंत्रावर तेल ओतलं होतं आणि त्यात धूळ बसून काळा चिकटा झाला होता, तो मला त्यांनी कागदावर पुसून दाखवला.

पाचला आठ टोले पडण्याचा दोष तर माझ्यामुळेच होता. या जातीच्या घड्याळात टोले मोजणारं वेगळं चाक असतं, त्याच्या कडेला वाढत्या अंतरावर खाचा. काटे कुठे आहेत याच्याशी त्या चाकाला देणंघेणं नसतं, ते फक्त मागच्या टोल्यानंतरचा पुढचा टोला देतं. मी वेळ लावताना काटे मागे फिरवायची, कधी टोले संपायच्या आत पुढे ढकलायची. चाक आणि काटे यांची फारकत झाली ती तशी. भाईंनी मला पेटीतली एक तार दाखवली. ती उचलली की टोले पडतात. घड्याळाच्या काट्याशी जुळेपर्यंत उचलत राहायचं. दोन मिनिटांचं काम, आणि ते मला शिकवल्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

त्या वेळी ते एक वाक्य बोलले आणि ते माझ्या डोक्यात घर करून बसलं. मराठी त्यांचं बडोद्याचं. "बेन, काटे फिरवले म्हणजे रिपेर झालं नाय. काटे फिरवले म्हणजे आजची चूक गेली. उद्या परत चुकणार. का चुकतं ते काढायचं, लंबकाखालच्या नटला हात घालायचा." तो नट वर-खाली केला की घड्याळाची चाल बदलते.

मी रोमबद्दल एकतीस वर्षं शिकवलं. सीझर, ऑगस्टस, रस्ते, कायदा, पाश्चात्त्य संस्कृतीचा पाया, प्रश्न चार गुणांचा. पण रोमने मागे काय ठेवलं आणि ते का टिकलं, हे मला भाईंच्या या वाक्यानंतर कळलं. भिंतीवरची दिनदर्शिका घ्या. ती म्हणजे दोनदा दुरुस्त झालेलं घड्याळ आहे.

रोमचं जुनं वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं, म्हणजे आपल्या चैत्राच्या आसपास. म्हणून तर सप्टेंबर म्हणजे सातवा, ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा, डिसेंबर दहावा. सप्त, अष्ट, नव, दश यांच्याशी लॅटिन आकड्यांचं सख्खं चुलत नातं आहे, मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. पुढे इ.स.पू. १५३ पासून कॉन्सल हे वर्षाचे अधिकारी १ जानेवारीला पदभार घेऊ लागले, आणि आपलं ३१ डिसेंबरच्या रात्रीचं सगळं प्रकरण त्या सरकारी तारखेवरून आलेलं आहे. ते वर्ष ३५५ दिवसांचं. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून मधूनमधून एक जादा महिना घालायचे. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, २०२३ साली आपण अधिक श्रावण पाळलाच. फरक एवढाच की आपला अधिक मास गणिताने ठरतो, आणि तिथे तो घालायचा की नाही हे पुरोहित मंडळ ठरवायचं. त्यांचं राजकारण त्यात शिरलं. आपल्या माणसाची मुदत लांबवायची असेल तर महिना घाला, नको असलेल्याची संपवायची असेल तर वगळा. ज्युलियस सीझरच्या काळापर्यंत तारीख आणि ऋतू यांच्यात सुमारे तीन महिन्यांची फारकत झाली होती. काटे आणि टोले, अगदी माझ्या घड्याळासारखे.

सीझरने दोन्ही कामं केली. इ.स.पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करून टाकलं. हे झालं काटे फिरवणं. आणि अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिस या ज्योतिर्विदाच्या सल्ल्याने पुढे वर्ष ३६५ दिवसांचं, दर चौथ्या वर्षी एक दिवस जादा. हा झाला लंबकाचा नट. तो जादा दिवस ते फेब्रुवारीच्या शेवटी जोडत नसत, २४ फेब्रुवारी दोनदा मोजत. आपल्याकडे तिथीची वृद्धी झाली की दोन दिवस एकच तिथी असते, तसं. सीझर मारला गेल्यावर पुरोहितांनी "दर चौथ्या"चा अर्थ चुकीचा लावला आणि दर तिसऱ्या वर्षी दिवस घालत राहिले. ती चूक निस्तरायला ऑगस्टसला काही वर्षं लीप दिवस घालणंच बंद करावं लागलं. जुलै आणि ऑगस्ट ही नावं या दोघांची.

तरीही नट किंचित ढिला राहिला होता. सीझरचं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं. वर्षाला अकरा मिनिटं कुणाला जाणवतात? पण चर्च ज्या इ.स. ३२५ पासून हिशेब धरत होतं, त्यानंतरच्या साडेबाराशे वर्षांत त्याचे दहा दिवस झाले. मग १५८२ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबर, गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबर, शुक्रवार आणला. हेही काटे फिरवणंच, त्याबद्दलच सगळे बोलतात. खरी दुरुस्ती दुसरीकडे आहे: शतकाचं वर्ष ४०० ने भागलं जात असेल तरच लीप. म्हणून १९०० लीप नव्हतं, २००० होतं. लिलियस या वैद्याची ती कल्पना, आणि क्लाव्हियस या गणितीने ती तडीस नेली. इंग्लंडने १७० वर्षं ती मानली नाही. १७५२ मध्ये मानली तेव्हा ११ दिवस सोडावे लागले. रशियाने तर १९१८ मध्ये.

म्हणजे रोमचं जे टिकलं ते जसंच्या तसं टिकलं नाही. ज्यांनी ते हातात घेतलं त्यांनी मूळ यंत्र फेकून सेलचं बसवलं नाही, ते कुठे घासलंय ते पाहिलं आणि तेवढाच बूश घातला. कायद्याचंही तेच. माझे यजमान न्यायमंदिरात वकिली करायचे, "आउडी आल्तेराम पार्तेम", म्हणजे दुसऱ्या बाजूचंही ऐका, हे घरात भांडणातही म्हणायचे. रोमचे पहिले लेखी कायदे इ.स.पू. ४५० च्या सुमारचे, बारा पाट्यांवर. सुमारे हजार वर्षांनी कॉन्स्टँटिनोपलला सम्राट जस्टिनियनने सगळा पसारा गोळा करून घासूनपुसून लावला, तो संग्रह मध्ययुगात बोलोन्याच्या विद्यापीठात पुन्हा अभ्यासाला आला, त्या परंपरेतून १८०४ ची नेपोलियनची संहिता निघाली, तिच्या वळणावर १८६७ ची पोर्तुगीज संहिता, आणि ती गोव्यात लागू झाली. यावर ते तासभर बोलले असते. मी इथे थांबते.

भाई मूळचे भरूचचे. हे कळल्यावर मी त्यांना जे सांगितलं त्यावर त्यांनी चहा मागवला. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने सागरी मार्गाची टिपणं लिहून ठेवली, त्यात भरूचचं वर्णन आहे. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटी इतकी बेफाम की परकी जहाजं उलटायची, म्हणून स्थानिक नावाडी पुढे जाऊन त्यांना ओढून आत आणायचे. त्या जहाजांतून इटलीची दारू यायची, तांबं, कथील, पोवळी यायची, आणि रोमची सोन्या-चांदीची नाणी, जी इथे बदलून नफा व्हायचा. परत जाताना सुती कापड, हस्तिदंत, अकीक. बाजारात ऐकू येणारा दिनार हा शब्द त्यांच्या देनारियसवरून. आपल्या विश्वामित्री नदीपलीकडच्या अकोट्यात उत्खननात रोमन घडणीची काशाची मूठसुद्धा सापडलेली आहे. ते सगळं इथून तासा-दीड तासाच्या अंतरात आहे, आणि आम्ही रोम शिकवताना नकाशावर बोट ठेवायचं ते थेट इटलीवर.

आणि शब्द! घड्याळाला देतो ती चावी म्हणजे लॅटिनमधली क्लाविस. ती पोर्तुगिजांच्या तोंडून, गोवा, वसई, दमण करत मराठीत आली. त्याच वाटेने पाव आला, पगार आला. पगाराचं मूळ "शांत करणं" या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे, म्हणजे घेणेकऱ्याला गप्प करणं. मिनिट म्हणजे "लहान भाग" आणि सेकंद म्हणजे "दुसऱ्यांदा केलेला लहान भाग", ही दोन्ही लॅटिन. आपली घटिका गेली आणि घड्याळ या शब्दात तेवढी उरली.

एक वारांचंही सांगते, कारण दुकानाची वेळ त्याच्याशी जोडलेली आहे. दुकान रविवारी सकाळी उघडं असतं, सोमवारी बंद. मी कारण विचारलं तर भाई म्हणाले, नोकरदाराला रविवारीच सुट्टी, तो येणार कधी? ती सुट्टी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ मध्ये हुकूम काढून न्यायाधीशांना आणि शहरी लोकांना दिली, शेतकऱ्यांना वगळून. आपल्याकडच्या गिरणी कामगारांना ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी, १० जून १८९० पासून. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हा वारांचा क्रम रोममध्येही हाच होता. दोन्हीकडे तो होरांच्या हिशेबातून आला, आणि होरा हा शब्दही ग्रीक.

आता तक्रारी. तीन आठवडे सांगितले होते, सात लागले. फोन केला की "थई जशे, बेन", म्हणजे होऊन जाईल, एवढंच. मध्ये एकदा मी मांजलपूरहून भर उन्हात गेले आणि दुकान बंद, नातीच्या लग्नाला गेले होते. कळवायला हवं होतं. पावती मिळत नाही, शाळेच्या वहीत नाव आणि खूण लिहून घेतात. पैसे फक्त रोख. बसायला एक स्टूल आहे, तो बहुधा भरलेला. वयस्कर माणसाला गल्लीत उभं राहणं जड जाईल, सोबत कुणी न्या. एकूण खर्च ३,२०० रुपये झाला, त्यातले ५०० आधी. स्वस्त नाही, पण काय काय केलं ते प्रत्येक वस्तू हातात देऊन दाखवलं, बदललेली जुनी कमानसुद्धा कागदात गुंडाळून परत दिली. वर्षभराची हमी आहे, तोंडी. मला ती पुरेशी वाटते.

तबकडीबद्दल शेवटचं. त्यांनी छापील कागद पूर्ण सोडवला, त्याला दोन दिवस लागले. पांढरा रंग पुन्हा दिला नाही, पिवळटपणा तसाच ठेवला. जे आकडे शाबूत होते त्यांना हातही लावला नाही. उडालेले तीन, चार, पाच तेवढे जुन्या खुणांवरून बारीक ब्रशने भरले. चारच्या वेळी त्यांनी मला विचारलं, "बेन, तुम्ही सांगा, कसा करू?" मी म्हटलं, होता तसा. घरी आणून टांगल्यावर पहिल्या दिवशी ते चार मिनिटं मागे पडलं. लंबकाखालचा नट त्यांनी सांगितल्याप्रमाणे अर्धा वेढा वर घेतला. आता आठवड्याला मिनिटभराचा फरक पडतो.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. लंबक आधी काढून वेगळ्या फडक्यात गुंडाळा. चावी बरोबर न्या, भाईंकडे शंभर चाव्या आहेत पण तुमची बसेलच असं नाही. वर कुणी कागद चिकटवला असेल तर तो स्वतः ओढून काढू नका. मुदत सांगतील त्याच्या दुप्पट धरा. आणि सकाळी अकराच्या पाच मिनिटं आधी पोचा, म्हणजे सगळी घड्याळं मागेपुढे अकरा टोले देतात ते उभं राहून ऐकता येईल.